विस्मरण : केवळ म्हातारपण नव्हे
(भाषणाचा मजकूर)



दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडणीची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मागे उरतात ती बहुधा वृद्ध माणसे. त्यांच्यापैकी कोणी पेटती चूल विसरले, गावातच वाट चुकले, नातवाचे नाव त्यांना आठवेनासे झाले, तर ‘वय झाले’ एवढे म्हणून विषय संपविला जातो. वस्तुतः हा अनेकदा मेंदूचा आजार असतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा त्यालाच लागते. परळीच्या औष्णिक केंद्राने वीज निर्माण करावी, तशी ही ऊर्जा पेशीतील तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, निर्माण करतात. मात्र ही केंद्रे फिरती असतात. चेतापेशीच्या लांब तंतूतील सूक्ष्म रुळांवरून ती गरजेच्या ठिकाणी पोहोचतात. हे रूळ स्थिर राखण्याचे कार्य टाऊ नावाचे प्रथिन करते. त्याचा शोध १९७५ साली लागला.

वाढत्या वयात तंतुकणिका दुबळ्या होतात. ऊर्जा घटते व घातक रासायनिक द्रव्ये साचतात. टाऊला प्रमाणाबाहेर फॉस्फेट चिकटले की ते रुळांपासून सुटते आणि त्याचा गुंता होतो. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली वर्णन केलेल्या गाठी त्या याच. रूळ खिळखिळे झाले की तंतुकणिका तंतूच्या टोकापर्यंत पोहोचत नाहीत. अशा रीतीने एक बिघाड दुसऱ्यास बळ देतो आणि अखेर पेशी मरतात.

हा आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. तथापि, ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण १४ धोके दूर केल्यास टाळता किंवा लांबविता येण्याजोगे आहेत. उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, धूम्रपान, अल्पशिक्षण व एकाकीपणा हे त्यांपैकीच होत. शिवाय बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव किंवा थायरॉइडचा विकार यांमुळेही विस्मरण होते आणि त्यावर उपचार आहेत. म्हणूनच वेळीच तपासणी अगत्याची आहे.

सरपंच, शिक्षक व ग्रामसेवक यांनी हंगामात मागे राहिलेल्या वृद्धांची नोंद ठेवावी, त्यांची विचारपूस करावी आणि विस्मरण आढळताच त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. पुढील उपचारांसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. बिऱ्हाडे परततील तेव्हा घरच्या म्हाताऱ्यांनी त्यांना ओळखावे, एवढे तरी गावाच्या हाती आहे.