खिशांतील कीर्द-खतावणी

लातूरच्या आडत बाजारांत तुरीचा हंगाम सुरू झाला, कीं दिवाणजीला दोन वह्यांवांचून चालत नाहीं. पहिली रोजकीर्द. तींत दिवसाचे व्यवहार घडतील त्या क्रमानें उतरतात: कोणाचा माल आला, किती क्विंटल भरला, हमाली-तोलाई किती झाली, उचल किती दिली. दुसरी खतावणी. तींत तीच नोंद ज्याच्या त्याच्या नांवाच्या पानावर जाते. पहिलींत तारखेवरून शोध लागतो, दुसरींत नांवावरून. आणि दोहोंचा मेळ बसला तरच हिशेब पुरा झाला असें म्हणतात.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जे हस्तसंगणक निघाले, त्यांतील अंगभूत आज्ञावल्यांनीं वस्तुतः हेंच काम हातीं घेतलें होतें. अंगभूत म्हणजे यंत्राबरोबरच मिळणाऱ्या, निराळ्या विकत न घ्याव्या लागणाऱ्या. दैनंदिनी, नांवपत्त्यांची वही, कामांची यादी आणि टिपणवही हीं चार अंगें त्यांपैकीं बहुतेकांत आढळत. या यंत्रांची तुलना पडद्यावरून वा किंमतीवरून पुष्कळांनीं केली आहे. नांदेड-लातूरकडील एखाद्या दुकानाच्या किंवा घराच्या गरजेवरून ती केली, तर कांहीं निराळ्याच गोष्टी नजरेस येतात.

पहिली कसोटी शीघ्रतेची. लिलाव चालू असतां नोंद तत्क्षणीं उतरली नाहीं, तर ती हुकलीच म्हणावयाची. १९९६ सालीं अमेरिकेंत निघालेलें 'पायलट' यंत्र पुढें 'पाम' या नांवानें प्रसिद्धीस आलें. त्याच्या दर्शनी भागावर चार अंगांसाठीं चार कळा होत्या. कळ दाबतांच हवी ती वही उघडे. अक्षरें काढण्यासाठीं मात्र 'ग्राफिटी' नांवाची लेखणी न उचलतां लिहावयाची लिपि शिकावी लागे. हात कमी उचलून भरभर लिहितां यावें म्हणून ज्या महाराष्ट्रांत शतकानुशतकें मोडी चालली, तेथें या युक्तीचें नवल वाटावयास नको. याउलट १९९३ सालीं आलेल्या ॲपलच्या 'न्यूटन'नें माणसाचें स्वाभाविक इंग्रजी हस्ताक्षर स्वतःच वाचण्याचें पत्करलें. कोणाबरोबर कोणत्या वारीं जेवण आहे एवढें लिहिलें, तर तें नांव शोधून दैनंदिनींत नोंद करण्यापर्यंत त्याची मजल होती. पण आरंभींच्या यंत्रांत वाचनाच्या चुका इतक्या होत, कीं तें थट्टेचा विषय झालें. १९९८ सालीं त्याचें उत्पादन थांबलें.

दुसरी कसोटी खतावणीची. पामच्या दैनंदिनींत नांवपत्त्यांच्या वहींतून नांव व दूरध्वनीचा क्रमांक आणून ठेवतां येई. परंतु ती केवळ नक्कल असे. पुढें मूळ वहींत क्रमांक बदलला, तरी दैनंदिनींत जुनाच राही. मूळ पायलटांत हिशेबाचें कोष्टकही नव्हतें. या बाबतींत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचें १९९४ चें '२००एलएक्स' यंत्र पुष्कळच सरस होतें. त्यांत 'लोटस वन-टू-थ्री' हें त्या काळचें नामांकित कोष्टकपत्रक कायमचें बसविलेलें होतें, आणि नांव, गांव, वजन, भाव असे रकाने आपल्या सोयीनें आंखून स्वतःची वही तयार करतां येई. १९९७ च्या इंग्रजी 'सायन सिरीज ५' मध्यें दैनंदिनींतील नोंदीच्या पोटांतच लेख किंवा आकृति ठेवण्याची सोय होती. दिवाणजीचें समाधान कोणीं अधिक केलें असतें, हें सांगावयास नको.

तिसरी कसोटी कालगणनेची. नांदेडांत सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनास देशभरांतून यात्रेकरू येतात. त्यांच्या उतरण्याची व्यवस्था पाहणाराला सण-उत्सवांच्या तारखा आधीं ठाऊक असाव्या लागतात. लोहा तालुक्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस सुरू होते, लातुरांतील सिद्धेश्वराची महाशिवरात्रीस, आणि कंधारचा उरूस हिजरी महिन्याप्रमाणें येतो. पाम, सायन वा ह्यूलेट-पॅकार्ड यांच्या दैनंदिनींत 'दर आठवड्यास', 'दर महिन्यास', 'दर वर्षीं' अशी पुनरावृत्ति लावतां येत असे. तिथीनें लावतां येत नसे. पंचांग पाहून दर सालची तारीख हातानेंच भरावी लागे. म्हणजे यंत्र खिशांत आलें, तरी पंचांग भिंतीवरून खालीं उतरलें नाहीं.

चौथी कसोटी लिपीची, आणि सर्वांत कठीण तीच. रोमन अक्षरांत 'काळे' आणि 'काले' हीं दोन आडनांवें एकच होऊन बसतात. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडावयास तेवढें पुरे. देवनागरीसाठीं संकेतप्रमाण नव्हतें असें नाहीं. भारतीय मानकाचें 'इस्की' व जगाचें 'युनिकोड' हीं दोन्ही १९९१ सालींच प्रसिद्ध झालीं होतीं. तरी या परदेशी यंत्रांच्या अंगभूत वह्या मराठी लिहीत नसत. ही उणीव ओळखून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अध्यापकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'सिंप्युटर' रचला. भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखविण्याची कल्पना त्यांत प्रथमपासून होती. २००४ सालीं तो 'अमिडा' नांवानें सुमारें दहा हजार रुपयांपासून बाजारांत आला. स्वतःच्या हस्ताक्षरांतलें पत्र त्यावरून धाडतां येई. दुर्दैवानें तोंवर मोबाईल दूरध्वनि स्वस्त होऊं लागला होता, आणि सिंप्युटराची विक्री अपेक्षेच्या मानानें फारच थोडी झाली.

शेवटची कसोटी टिकण्याची. भारनियमनाच्या दिवसांत मराठवाड्यांत मेजावरचा संगणक बंद पडे, तेव्हां साध्या दोन घटांवर चालणारीं हीं यंत्रें चालूच राहत, हा त्यांचा मोठा गुण. परंतु जुन्या पायलटांतील घट संपून तसेच राहिले, कीं सारी नोंद पुसली जाई. मेजावरच्या संगणकांत तिची प्रत असली तरच ती परत मिळे. आज तीं यंत्रें तयार होत नाहींत. त्यांतील फायली उघडण्यास जुनी जोडणी व जुनी आज्ञावली धुंडाळावी लागते. आजोबांची मोडींतील कीर्द मात्र मोडी जाणणारा भेटला, कीं वाचतां येते.

आजच्या दूरध्वनींत देवनागरी सहज उमटते, आणि त्याच चार वह्या त्यांत निमूटपणें बसलेल्या असतात. तेव्हां त्यांची निवड करतांना जुन्या यंत्रांनीं शिकविलेले प्रश्न विचारावे: नोंद झटकन् होते काय, नांवावरून व तारखेवरून दोन्हींकडून सांपडते काय, आपल्या लिपींत राहते काय, आणि यंत्र बदललें तर साध्या मजकुराच्या रूपानें बाहेर काढतां येते काय. या चौथ्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी असेल, तर दर दिवाळीस वहीपूजनाच्या सुमारास त्या नोंदींची एक प्रत निराळी काढून ठेवावी. घरची कीर्द नातवंडांच्या हातीं पडावयाची, तर एवढी काळजी पुरेशी आहे.