मागल्या चाकाची कुरकुर

मोटारसायकलीच्या मागल्या चाकांतून मधूनच येणारा आवाज मिस्त्रीसमोर हटकून गप्प बसतो; म्हणून तो नुसता ऐकूं नये, मोजावा. यंत्र बंद करून, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून, गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी व चाक हातानें सावकाश फिरवावें; बोटें सांखळीपासून दूर. दर फेरीस एकदां खरखर झाली, तर दोष बहुधा ब्रेकच्या ड्रमांत. सांखळी १०० कड्यांची व मागलें चक्र ४० दात्यांचें असल्यास सांखळीची एक फेरी चाकाच्या अडीच फेऱ्यांत पुरी होते. तेव्हां अडीच फेऱ्यांनीं येणारा खटका एखाद्या ताठरलेल्या कडीचा. ती पुष्कळदां तेलानें सुटते. मात्र चाक आडवें हलवितांना ढिलें लागलें, तर बेअरिंगाची तपासणी होईपर्यंत गाडी चालवूं नये; भरवेगांत चाक जाम झाल्यास स्वार रस्त्यावर आपटतो.