माझ्या छंदांचा जमाखर्च
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, कोल्हापूर येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, उद्योगधंदे, विवाहातील काटकसर अशा भारदस्त विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलत आल्या आहेत. यंदा चिटणीसांनी मला गाठले आणि म्हणाले, "काका, तुम्ही आपल्या छंदांविषयी बोला. पानं मांडायला अजून अवकाश आहे." या आमंत्रणातील दुसऱ्या वाक्यानेच मला खरा धीर दिला. मी पेशाने हिशेबनीस. एका साखर कारखान्यात चौतीस वर्षे दुसऱ्यांचा जमाखर्च जुळविण्यात गेली. स्वतःचा मांडण्याची ही पहिलीच वेळ. विनोद, गाणे आणि भटकंती ही माझी तीन खाती. तिन्हींत मी निव्वळ घेणारा आहे, देणारा नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

आमच्या घरात छंद हा शब्द फारसा प्रतिष्ठित नव्हता. त्याच्या पाठोपाठ 'फंद' हा शब्द आलाच पाहिजे, असा जणू नियमच होता. वडिलांचे कापडाचे लहानसे दुकान होते, आणि पै-पैचा हिशेब रोजकीर्दीत उतरल्यावाचून ते रात्री जेवत नसत. ते निवर्तल्यावर त्यांच्या वह्या चाळताना मला एक चमत्कारिक नोंद आढळली. दर पंधरवड्याच्या सुमारास 'किरकोळ खर्च' म्हणून काही आणे टाकलेले, आणि तपशिलाचा रकाना कोरा. जो मनुष्य सुतळीच्या गुंडीचाही तपशील लिही, त्याने ही जागा मोकळी का ठेवावी? आईला विचारले. ती हसून म्हणाली, "अरे, ती तुम्हा बापलेकांची सिनेमाची तिकिटं. आजोबा वही बघायचे ना!"

वडिलांचा हा किरकोळ खर्च म्हणजे माझ्या विनोदाच्या खात्यातील पहिली जमा होय. त्यांच्या तरुणपणी कोल्हापूर ही चित्रपटांची राजधानीच होती. बाबूराव पेंटरांनी येथेच १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. प्रभात कंपनी १९२९ साली येथे जन्मली आणि चार वर्षांनी पुण्यास गेली. परंतु वडिलांचे दैवत या दोहोंपैकी एकही नव्हते. ते हंस पिक्चर्सचे, म्हणजे मास्टर विनायकांचे भक्त. १९३८ साली 'ब्रह्मचारी' निघाला तेव्हा वडील अठरा वर्षांचे होते. कथा आचार्य अत्र्यांची, नायक विनायक; पण वडिलांच्या आठवणीत राहिले ते दामूअण्णा मालवणकर. त्यांची ती तिरकी नजर आणि गोंधळलेल्या मनुष्याचा तो केविलवाणा रुबाब यांची नक्कल वडील दुकान बंद केल्यावर, फक्त माझ्यासमोर, करीत. गिऱ्हाइकासमोर जो मनुष्य कधी दात दाखवीत नसे, तो फळ्या लावल्यावर दामूअण्णा होई! पुढे चिं. वि. जोशांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ 'लग्न पहावे करून' या १९४० सालच्या चित्रपटात आले, तेव्हा चिमणरावही दामूअण्णाच झाले आणि गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. वडील म्हणत, "चिमणराव दुसऱ्याला हसत नाही रे, तो स्वतःलाच हसवून घेतो. म्हणून त्याचा राग येत नाही." या विषयावर मी पुष्कळ वाचले, पण याहून नेमके वाक्य मला सापडले नाही.

मला स्वतःला विनोदाची गोडी खरी लागली ती शंकर पाटलांमुळे. ते आपल्याच जिल्ह्यातील पट्टणकोडोलीचे. साठ सालानंतर त्यांनी, व्यंकटेश माडगूळकरांनी आणि द. मा. मिरासदारांनी मिळून कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले. आपण घरात ज्या बोलीत बोलतो आणि शाळेत जी बोलल्यास छडी खातो, ती बोली एक शिकलेला गृहस्थ सभेत ऐटीने बोलतो आहे आणि पांढरपेशी मंडळी पोट धरून हसत आहेत, हे ऐकून माझ्या मनावरील एक ओझे उतरले. ते हसणे त्या बोलीला नव्हते, बोलीतून होते.

या उत्साहात मी एक साहस केले. आपल्याच मंडळाच्या एका वार्षिक सभेत (यास आता पन्नासहून अधिक वर्षे झाली) मी एक छोटी नक्कल सादर केली. विषय होता कोषाध्यक्षांचे अहवालवाचन. शिल्लक चार रुपये असताना ती सांगण्यास पाऊण तास लावणारा एक गृहस्थ मी उभा केला. सभा हसली, तत्कालीन कोषाध्यक्ष हसले नाहीत. दोन वर्षे ते रस्त्यात भेटले तरी दुकानांच्या पाट्या वाचीत पुढे जात. तिसऱ्या वर्षी स्वतः घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "यंदा ते पुन्हा करा. पण माझा चष्मा नाकावरून जसा घसरतो, तो तुम्ही नीट दाखवला नव्हता." चिमणरावांचा वंश आपल्या ज्ञातीत आहे, याची मला त्या दिवशी खात्री पटली.

आता गाण्याचे खाते उघडतो. येथे मला थोडे सावकाश जाऊ द्यावे.

कोल्हापुरास गाण्याचे जे वैभव लाभले त्यात राजर्षी शाहू छत्रपतींचा वाटा केवढा, हे मी सांगावयास नको. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अल्लादियाखाँ त्यांच्या दरबारी होते. खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जीखाँ यांनी कोल्हापुरातच विद्यादान केले. देवल क्लबची परंपरा तर १८८३ सालापासूनची. थोडक्यात म्हणजे, ज्याला कान आहेत त्याने या गावात गाण्यावाचून राहणे कठीण होते. आमच्या घरात मात्र ते साधले होते.

माझी आत्या १९३२ साली जन्मली. तिचा आवाज उपजतच चांगला होता. तेरा-चौदा वर्षांची असताना शेजारच्या मुलीस शिकविण्यास येणाऱ्या एका गवयाकडे तिचीही शिकवणी सुरू झाली. दोन वर्षे ती चालली. मग एके सायंकाळी आपल्याच ज्ञातीतील दोन प्रतिष्ठित गृहस्थ आजोबांकडे आले आणि 'आपल्यात हे चालत नाही, मुलीचे लग्न जुळण्यास अडचण येईल,' एवढेच बोलून गेले. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बंद. त्या गृहस्थांची नावे मी सांगत नाही. त्यांची नातवंडे या सभागृहात आहेत आणि थोड्या वेळाने मी त्यांच्याच पंगतीस बसणार आहे. शिवाय त्यांनी केवळ बोलून दाखविले. तंबोरा माळ्यावर टाकला तो माझ्या आजोबांनी.

त्याच सुमारास, याच गावात, एक शाळामास्तर लोकापवादाची पर्वा न करता आपल्या मुलीस भुर्जीखाँसाहेबांकडे शिकवीत होते. ती मुलगी म्हणजे धोंडूताई कुलकर्णी. पुढे त्या केसरबाई केरकरांच्याही शिष्या झाल्या, आणि २०१४ साली निवर्तल्या तेव्हा एक मोठी गायिका गेली म्हणून संगीतविश्व हळहळले. माझ्या आत्याच्या गळ्यात तेवढे मोठे काही होते, असा माझा दावा नाही. ते कळण्याची सोयच ठेवली गेली नाही, इतकेच माझे म्हणणे आहे.

लग्नानंतर पाच वर्षांत, १९५४ साली, आत्या विधवा होऊन माहेरी परतली. मी तेव्हा सहा वर्षांचा. पुढच्याच वर्षी १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे स्वर. फडके जन्माने कोल्हापूरचेच. आमच्याकडे रेडिओ नव्हता. आत्या मला हाताशी धरून शेजारच्या ओसरीवर नेई. मी गोष्टीसाठी जाई, ती सुरांसाठी. घरी आल्यावर भाकरी थापताना ती तेच गीत गुणगुणे आणि आजोबांच्या खडावांचा आवाज आला की थांबे. खडावा दूर गेल्या की ज्या अक्षरावर थांबली होती, तेथूनच पुन्हा धरी. ताल मोजण्याचे माझे पहिले शिक्षण हे.

पुढे घरात रेडिओ आला आणि रात्री धारवाड केंद्र लावण्याचा आत्याचा परिपाठ सुरू झाला. मल्लिकार्जुन मन्सूर लागले की ती स्टोव्ह विझवी. त्याच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून. आमटी अर्धी शिजलेली असे. निवेदकाने रागाचे नाव सांगण्यापूर्वी ती मला विचारी, "कोणता?" मी ठोकून देई, "बागेश्री." ती म्हणे, "नायकी कानडा. कान कुठं ठेवलायस?" मी आज जे काही ऐकू शकतो, ते या अर्ध्या कच्च्या आमटीवर पोसलेले आहे.

नाटके मात्र तिने मजबरोबर पुष्कळ पाहिली, आणि ती सारी केशवराव भोसले नाट्यगृहात. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ही वास्तू. केशवराव याच गावचे. १९२१ च्या जुलैत मुंबईस बालगंधर्वांसह त्यांनी 'संयुक्त मानापमान' केले आणि त्याच ऑक्टोबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी त्या रात्री नातवाच्या गाडीवर बसून खासबागेच्या बाजूस गेलो होतो. गर्दी फार, पण बोलत कोणी नव्हते. माझ्या शेजारी एक रिक्षावाला रडत होता. मी त्याला विचारले, "नाटकाचा नाद का?" तो म्हणाला, "नाही हो. आत कधी गेलोच नाही. पण रोज पॅसिंजर सोडत होतो की." नाट्यगृहाची पुनर्बांधणी पुढे हाती घेण्यात आली, ही समाधानाची गोष्ट. मला त्या रिक्षावाल्याचे उत्तर मात्र अजून विसरता येत नाही.

आता एक कबुली. गतवर्षी आपल्या ज्ञातीतील एका मुलीने शास्त्रीय गायनाच्या शिक्षणासाठी मंडळाच्या विद्यार्थी-निधीतून साहाय्य मागितले. नियमाप्रमाणे हा निधी वैद्यक, अभियांत्रिकी, वाणिज्य अशा शाखांसाठी आहे. समितीने अर्ज नामंजूर केला. पत्राची भाषा अत्यंत सौजन्याची होती. ती मीच लिहिली होती, आणि खाली सहीही माझी होती. पाकीट चिकटवून झाल्यावर मला आत्याचा तंबोरा आठवला. माझ्या आजोबांना निदान दोघांनी येऊन सांगावे तरी लागले होते. मला कोणी सांगितलेही नाही. म्हणून यंदाच्या सर्वसाधारण सभेत, भोजनानंतर, त्या नियमात गायन, वादन, नाट्य आणि चित्रकला हे चार शब्द घालण्याची सूचना मी मांडणार आहे. कोषाध्यक्षांनी आकडे मजकडून तपासून घ्यावेत, व्याजातून भागते.

भटकंतीचे खाते लहान आहे. सायकलवरून पन्हाळा हा माझा तरुणपणीचा नेम: वीसेक किलोमीटर, शेवटचा चढ सायकल ढकलीत. अंबरखान्याची प्रचंड कोठारे आणि तीन दरवाजा पाहून झुणका-भाकरीवर तुटून पडावयाचे. २०२५ साली पन्हाळ्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. मला आनंद झाला, परंतु झुणक्याचा दर वाढेल ही धास्तीही वाटली. राधानगरीचे धरण आणि त्यापलीकडील दाजीपूरचे जंगल मला पावसाळ्यानंतर आवडते. गवे दिसले तर भाग्य, न दिसले तर अधिक निर्धास्तपणे फिरता येते.

पण माझे सर्वांत आवडते ठिकाण विचाराल तर खिद्रापूर. नरसोबाची वाडी आणि कुरुंदवाडवरून पुढे गेले की कृष्णेच्या काठी कोपेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. शिवमंदिर असूनही समोर नंदी नाही, आणि गाभाऱ्यात कोपेश्वराजवळ धोपेश्वर, म्हणजे विष्णू आहे. रागावलेल्या शंकराची समजूत घालण्यास विष्णू आला, असे सांगतात. पुढील स्वर्गमंडपास अठ्ठेचाळीस खांब असून मध्यभागी छत वर्तुळाकार उघडे आहे. त्रिपुरी पौर्णिमेस मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र त्या मोकळ्या वर्तुळावर येतो आणि खालच्या गोल शिळेवर चांदणे उतरते.

२००३ साली त्या पौर्णिमेस मी आत्याला तेथे नेले. ती एकाहत्तर वर्षांची होती. गुडघे दुखत होते. वीस-पंचवीस मंडळी खांबांना टेकून बसली होती. चंद्र वर आला तसे सारे गप्प झाले. आणि माझ्या शेजारून सूर आला. प्रथम मला वाटले, दुसरेच कोणी गात आहे. ती एक साधी भूपाची चीज होती, शिकवणीच्या पहिल्या वर्षी शिकवितात तशी. आवाज थरथरत होता, वरचा षड्ज लागला नाही. पण ती मध्येच थांबली नाही. चीज संपल्यावर एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांनी "वा!" म्हटले, आणि आत्याने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. परतीच्या वाटेवर गाडीत ती एवढेच म्हणाली, "तंबोरा असता तर सूर जरा खाली लावला असता." २०११ साली ती गेली.

२०१९ च्या महापुरानंतर खंडित झालेली मंडळाची सहल यंदा त्रिपुरी पौर्णिमेस खिद्रापूरला न्यावयाची ठरली आहे. नावे चिटणीसांकडे द्यावीत. जागा पन्नासच आहेत. गेल्या वर्षी जिला आपण पत्र पाठविले, त्या मुलीस मी स्वतः आमंत्रण दिले असून तिने येण्याचे कबूल केले आहे. बस रात्री बारास सोडावयाची असली, तरी कोणी गात असल्यास ते संपल्यावाचून सोडू नये, असे मी चालकास आताच सांगून ठेवले आहे.