तंतू, माती आणि पाणी
(विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत कारकुनाची. तरीही आज विज्ञानाच्या विषयावर बोलणार आहे, कारण त्याचे एक टोक आपल्या लेण्यांच्या भिंतीत आहे.

चिनी मातीची बशी उष्णता सोसते, पण हातातून पडली की फुटते. अशा ठिसूळ पदार्थात बारीक तंतू गुंफले तर तडा तंतूपाशी अडतो, वस्तू एकदम फुटत नाही. सिलिकॉन कार्बाइड या पदार्थात त्याचेच तंतू गुंफून केलेले भाग २०१६ पासून प्रवासी विमानांच्या लीप इंजिनात वापरात आहेत. हजार अंशांहून अधिक उष्णता ते सोसतात. त्यांच्या अंगावर काचेसारखा पापुद्रा धरतो, तोच त्यांचे रक्षण करतो. परंतु इंधन जळताना होणारी पाण्याची वाफ हा पापुद्रा खाते आणि भाग झिजत जातो. तड्यातून हवा व वाफ आत शिरली तर तंतू भोवतालच्या पदार्थाला घट्ट चिकटतात. मग तडा न अडता आरपार जातो. म्हणून वरून संरक्षक लेप द्यावा लागतो.

जोगेश्वरीत पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन पोपडे धरतात, हे आपण दरवर्षी पाहतो. लेणी कोरणाऱ्यांनाही ही अडचण होतीच. तडे जाऊ नयेत म्हणून त्यांनी चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात वनस्पतींचे तंतू मिसळले. पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे डॉ. मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे दाखवून दिले. त्यांच्या मते, भांगेमुळे दमटपणा आटोक्यात राहिला व किडे दूर राहिले. अजिंठ्यात भांग आढळली नाही. तेथे किड्यांनी गिलावा पोखरून चित्रांचे मोठे नुकसान केले.

मित्रहो, इंजिनाचा भाग झिजला तर नवा बसवता येतो. अजिंठ्याचा गिलावा गळून पडला तर त्यावरचा बोधिसत्त्व पुन्हा मिळणार नाही. आपल्या श्वासातला दमटपणाही तेथे साचतो. म्हणून सहलीला जाल तेव्हा भिंतीला हात लावू नका, आत गर्दी करू नका. आणि तुमच्यापैकी एखाद्याने तरी रसायनशास्त्र शिकून या भिंती राखण्याचे काम हाती घ्यावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून थांबतो.

जयभीम!