मित्रांशीच का लढायचं? : 'पर्सोना ४ अरेना'

आजचा गेम मोबाइलवर नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकता ऐकता प्ले स्टोअर उघडू नका. आणि गोष्ट फुटलेली चालत नसेल तर हा भाग गेम खेळून झाल्यावर ऐका, कारण मी शेवटाजवळचं बोलणार आहे.

'पर्सोना ४' आला २००८ मध्ये, प्लेस्टेशन २ वर. इनाबा नावाचं जपानी खेडेवजा गाव, शाळकरी पोरं, आणि टीव्हीच्या आत उघडणारं जग. तिथे प्रत्येकाला आपली 'शॅडो' भेटते, म्हणजे स्वतःचीच लपवून ठेवलेली बाजू. 'ही मीच आहे' असं कबूल केलं की तीच शॅडो पर्सोना होते, तुमच्या बाजूने लढणारी. पन्नास-साठ तास सहज जातात. त्यातला बराच वेळ मारामारीत नाही, मित्रांशी बोलण्यात जातो.

आणि २०१२ मध्ये अटलसने याच पोरांचा फायटिंग गेम काढला. बनवायला दिला 'गिल्टी गिअर' आणि 'ब्लेझब्लू'वाल्या आर्क सिस्टम वर्क्सला. आता प्रश्न असा की ज्यांची दोस्ती जमवायला आपण एवढे तास घातले, त्यांना एकमेकांच्या थोबाडीत मारायला लावायचं? लोकप्रिय कॅरेक्टर घ्या, रिंगणात सोडा, पैसे गोळा करा, असलाच प्रकार वाटतो ना? तसा तो नाहीये.

आधी हाताला काय जाणवतं ते बघू. हल्ल्याची बटणं चार. दोन तुमच्या कॅरेक्टरची, दोन पर्सोनाची. पर्सोना पुढे जाऊन मारते, पण तिलाही मार बसतो. प्रत्येकाकडे चार पत्ते असतात. पर्सोनाला फटका बसला की एक पत्ता फुटतो, चारही फुटले की काही वेळ ती बोलावताच येत नाही. म्हणजे मूळ गेममध्ये जिला आपण गृहीत धरून चालतो, तिला इथे जपावं लागतं.

नाओतो शिरोगाने घ्या, आपली डिटेक्टिव्ह. मूळ गेममध्ये 'हामा' आणि 'मुदो' या जादूने शत्रू एका झटक्यात मरायचा, पण नशीब असेल तर. फायटिंग गेममध्ये नशिबावर कोणी हरला तर तो कंट्रोलर भिंतीवर फेकेल! म्हणून इथे समोरच्याच्या नावावर एक आकडा ठेवलाय. नाओतोचे ठरावीक फटके बसले की तो कमी होत जातो. शून्यावर आला की तीच जादू जीव घेते. ज्याच्याशी ती खेळतेय त्याला आपला आकडा उतरताना दिसत असतो. टर्नवाल्या गेमचा नियम सेकंदाला साठ फ्रेमच्या गेममध्ये आणायचा तर असा आणावा. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

बरं, गोष्ट. मे महिन्यातल्या सुट्टीत यू नारुकामी गावी परत येतो आणि टीव्हीवर 'पी-१ ग्रां प्री' नावाच्या स्पर्धेची जाहिरात लागते. आत गेल्यावर मित्र समोरासमोर येतात आणि एकमेकांच्या तोंडून भलतंच टोचणारं ऐकतात. ते शब्द त्या मित्रांचे नसतातच. कोणीतरी मुद्दाम भांडण लावतंय.

त्यामागे सापडते लॅब्रिस. शाळेच्या गणवेशातली मुलगी, पण खरं तर शॅडोंशी लढायला बनवलेलं यंत्र. प्रयोगशाळेत तिला तिच्यासारख्याच यंत्र-मुलींशी लढवलं गेलं. त्यांतल्या एकीशी तिची मैत्री होती. तिलाही तिनेच संपवलं, तसा हुकूम होता. आता विचार करा, ही सगळी स्पर्धा तिच्या शॅडोने उभी केलीय, आणि त्यात मित्रांना मित्रांवर सोडून बटणं आपण दाबतोय. मघाचा प्रश्न आठवतोय? गेमने तोच प्रश्न गोष्टीत घेतलाय.

(जपानीत लॅब्रिस कान्साई बोलीत बोलते. मराठी डबिंग झालं तर माझं मत वऱ्हाडीला!)

तक्रार एकच, पण मोठी. स्टोरी मोडमध्ये वाचायचं फार, आणि तेच प्रसंग प्रत्येकाच्या नजरेतून पुन्हा पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी सरळ बटण दाबून पुढे पळवलं.

आज घ्यायचा तर 'पर्सोना ४ अरेना अल्टिमॅक्स' घ्या, २०२२ मध्ये पुन्हा आलेला. पहिल्या गेमची गोष्टही त्यातच आहे. ऑनलाइन खेळणार असाल तर स्टीम किंवा पीएस४ वर. तिथे रोलबॅक आहे, म्हणजे नेट थोडं मागे पडलं तर गेम थांबत नाही, समोरच्याची चाल अंदाजाने दाखवतो आणि चुकली तर लगेच दुरुस्त करतो. स्विचवर ती सोय नाही.

नवीन असाल तर चिएपासून सुरुवात करा. ए बटण दाबत राहिलात तरी आख्खा कॉम्बो लागतो. त्यावर हसणारे हसू देत. आणि तुमचं कॅरेक्टर कोणतं, ते खाली लिहा. कांजीवाल्यांनी आधी लिहा, तुमच्याशी माझा हिशोब बाकी आहे.