फर्ग्युसनची रायफल आणि तिची प्रतिकृती



जुन्या शस्त्राची हाताने घडविलेली प्रतिकृती म्हणजे हौशी माणसाचा खेळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु प्रतिकृती हा एक साक्षीदारही असतो. तो खोटी साक्ष कशी देतो आणि खरी कशी देतो, याचे एक उदाहरण आज सांगावयाचे आहे.

पॅट्रिक फर्ग्युसन हा ब्रिटिश सैन्यातील एक स्कॉटिश अधिकारी. पुण्याच्या महाविद्यालयास ज्यांचे नाव आहे, ते सर जेम्स फर्ग्युसन निराळे. अठराव्या शतकात गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुका बहुतेक ठासणीच्या असत. नळीत मळसूत्री खाचा पाडून तिची रायफल केली, की नेम अचूक लागे. पण खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून गजाने ठासण्यात फार वेळ जाई. फर्ग्युसनने नळीच्या मागील अंगास एक उभा पेच बसविला व चापाभोवतालच्या कड्याचीच त्याला मूठ केली. मुठीला एक फेरा दिला की पेच खाली उतरे आणि वर भोक उघडे पडे. त्यात आधी गोळी, मग दारू घालावयाची व पेच पुन्हा वर चढवावयाचा. शिपायाला हे पडल्या पडल्याही करता येई. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. तिला रणांगणाजोगे रूप त्याने दिले.

1776 च्या जून महिन्यात वुलिच येथे, पाऊसवाऱ्यात, त्याने दोनशे यार्डांवरील लक्ष्यावर मिनिटाला चार बार काढून दाखविले. सैन्यासाठी सुमारे शंभर रायफली तयार झाल्या. पण 11 सप्टेंबर 1777 रोजी अमेरिकेत ब्रँडीवाइनच्या लढाईत त्याच्या उजव्या कोपराचा चुराडा झाला आणि त्याची तुकडी मोडली. 7 ऑक्टोबर 1780 रोजी किंग्ज माउंटन येथे तो पडला. रायफलही मागे पडली.

ती का मागे पडली? दारूच्या काजळीने पेच अडकत असला पाहिजे, असे पुष्कळांनी मानले. विसाव्या शतकात काही कारागिरांनी प्रतिकृती केल्या. त्यांचे पेच थोड्याच बारांनंतर अडकू लागले. झाले! दोष फर्ग्युसनच्या माथी बसला.

पुढे काही चिकित्सक कारागिरांनी अस्सल रायफलीचीच मापे घेतली. तेव्हा दिसून आले, की मूळ पेच सरळ नसून निमुळता आहे. निमुळता पेच जरा फिरविताच त्याचे आटे सर्व बाजूंनी सुटतात, आणि काजळीची पकड ढिली होते. हा निमुळतेपणा व आट्यांची मापे जशीच्या तशी उतरवून, मेण व चरबी लावून घडविलेल्या रायफलीने न पुसता पन्नासाहून अधिक बार काढले. अपयशाची कारणे मग दुसरीकडे शोधणे भाग पडले: कुशल हातांची गरज, मोठा खर्च, पेचासाठी पोखरल्याने नाजूक झालेला दस्ता, आणि रायफलीची बाजू मांडणाऱ्या पुरुषाचा अकाली मृत्यू.

शाळेत कित्ता गिरविताना मुलाचे अक्षर वाकडे आले, तर आपण कित्त्याला दोष देत नाही. पूर्वजांच्या कामाची परीक्षा करतानाही हाच न्याय लावावा. त्यांची वस्तू चालत नाही असे म्हणण्यापूर्वी, आपण ती त्यांच्याइतक्या काळजीने घडविली आहे काय, हे आधी पाहावे.