बोटाच्या कंडरेची जोडणी आणि नंतरचे सहा आठवडे

तळहातावरच्या शेवटच्या आडव्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा पट्टा हस्तशल्यचिकित्सेत आजही धाकाचा मानला जातो. बोट मिटवणाऱ्या दोन कंडरा इथे एकाच अरुंद आवरणातून, टणक कप्प्यांखालून सरकतात. अमेरिकन शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी या पट्ट्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले. इथे कंडरा तुटली तर ती लगेच जोडू नये, आधी फक्त त्वचा शिवावी आणि पुढे कलम करावे, असा दंडक दीर्घकाळ होता. १९६७ मध्ये हॅरल्ड क्लाइनर्ट आणि त्यांच्या लुईव्हिल येथील सहकाऱ्यांनी याच पट्ट्यातल्या थेट जोडणीचे चांगले निकाल मांडले आणि तो दंडक मोडला. त्यांच्या पद्धतीत टाक्यांइतकेच महत्त्व नखाला अडकवलेल्या रबराला होते. रुग्ण बोट स्वतः सरळ करी, रबर ते परत मिटवी, आणि जोडलेली कंडरा पहिल्या आठवड्यापासून सरकत राही.

कंडरा भरून येण्यातली अडचण अशी की ज्या पेशींमुळे ती जुळते, त्याच पेशींच्या व्रणामुळे ती भोवतालच्या आवरणाला चिकटते. बोट स्थिर ठेवले तर चिकटते; फार जोर दिला तर टाका सुटतो. बरे होण्यावर परिणाम करणारी बहुतेक कारणे या ना त्या बाजूने इथेच येऊन मिळतात.

पहिले कारण इजेचेच. काचेने किंवा संक्रांतीच्या मांजाने झालेली जखम बाहेरून इवलीशी दिसते, पण कडा स्वच्छ असतात आणि निकाल बरा लागतो. कडबाकुट्टीत किंवा पॉवर प्रेसमध्ये चिरडलेल्या बोटात हाड, मज्जातंतू आणि रक्तवाहिनीही गेलेली असते. तिथे निकाल घसरतो. मूठ आवळलेली असताना पाते लागले, तर बोट सरळ केल्यावर कंडरेचे पुढचे टोक त्वचेच्या जखमेपाशी नसते, पुढे सरकलेले असते. हे लक्षात न घेता जखमेतच चिमटा घालून शोधाशोध केली, तर आवरणाची नासधूस होते आणि पुढच्या चिकटण्याची तयारी तिथेच होऊन बसते.

शस्त्रक्रियेत निर्णायक ठरतात ते छेदातून आरपार जाणारे धाग्याचे पदर. दोन पदरांच्या जोडणीपेक्षा चार किंवा सहा पदरांची जोडणी बरीच मजबूत असते, आणि ती असेल तरच रुग्णाला स्वतःच्या ताकदीने बोट हलवू देता येते. कडेने घातलेला बारीक अखंड टाका जोड गुळगुळीत ठेवतो आणि फट पडू देत नाही. श्वानांवरील प्रयोगांत तीन मिलिमीटरहून मोठी फट पडलेल्या कंडरांना पहिल्या सहा आठवड्यांत पुरेसे बळ आले नाही. अलीकडे लिडोकेन आणि ॲड्रिनलिन टोचून, रुग्ण जागा असतानाच जोडणी केली जाते. कॅनडाच्या डोनाल्ड लालोंड यांनी हा मार्ग रूढ केला. टेबलावरच रुग्णाला बोट मिटायला सांगता येते. फट पडते की जोड कप्पीत अडतो, हे त्वचा शिवण्याआधी कळते.

यापुढचे सहा आठवडे मात्र शल्यविशारदाच्या हातात नसतात. व्यायाम साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सुरू करणे योग्य. त्याआधी सूज इतकी असते की बोट वाकवायलाच जास्त जोर लागतो. आधी दुसऱ्या हाताने बोट हलके वाकवून सांधे मोकळे करायचे, मगच स्वतःहून अर्धी मूठ. ड्युरान आणि हाउजर यांनी १९७५ मध्ये दाखवले की तीन ते पाच मिलिमीटर सरकणेदेखील घट्ट चिकटणे टाळायला पुरते. स्प्लिंट सहा आठवडे, जड काम सुमारे बारा आठवड्यांनी. जोड सुटण्याच्या अनेक घटना दुखणे कमी झाल्यावर, ‘आता बरे वाटते’ म्हणून बादली उचलताना घडतात.

तंबाखूचे धूम्रपान, वाढलेले वय, जंतुसंसर्ग यांचा वाटा आहेच. सूचना न समजणाऱ्या लहान मुलांत काही आठवडे प्लास्टर ठेवले तरी सहसा निभावते. पण आपल्याकडच्या निकालांची चर्चा एवढ्यावर थांबणे अपुरे ठरते. कोयत्याने बोट कापलेला ऊसतोड मजूर टाके काढायला येतो, तोवर टोळी पुढच्या फडावर गेलेली असते. रोज सोडा, आठवड्यातून एकदाही थेरपिस्ट गाठणे त्याला रोजगार बुडवून करावे लागते. केसपेपरवर ‘रुग्णाने व्यायाम केला नाही’ असा शेरा मारणे सोपे असते. डिस्चार्ज कार्डावर किती पदरांची जोडणी आहे, कोणत्या दिवसापासून काय हलवायचे, याची एक ओळही नसते. अशा वेळी जिल्ह्याच्या गावचा फिजिओथेरपिस्ट घाबरून बोट स्थिरच ठेवतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

निकाल मोजायला स्ट्रिकलंड यांची रीत प्रचलित आहे: बोटाच्या पुढच्या दोन सांध्यांचे वाकणे मिळवायचे, सरळ होण्यातली तूट वजा करायची आणि १७५ अंशांशी शेकडेवारी काढायची. बोट चिकटलेच, तर तीन ते सहा महिने व्यायाम करून, सांधे मऊ झाल्यावरच कंडरा सोडवण्याची शस्त्रक्रिया करावी. तिच्यानंतर हालचाल लगेच, एकदोन दिवसांतच सुरू करावी लागते. पहिल्या वेळी ज्याला थेरपी मिळाली नाही त्याला ती या वेळीही मिळणार नसेल, तर ही दुसरी शस्त्रक्रिया न केलेली बरी.